उंबरखिंडीचें स्मारक : एक परीक्षण

(१)

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, चावणी नांवाचें एक लहान गांव आहे. त्या गांवाजवळ अंबा नदीच्या खोऱ्यांत उंबरखिंडींतील विजयाचें दगडी स्मारक उभें आहे. इ. स. १६६१ च्या आरंभीं श्रीशिवछत्रपतींनीं मोंगल सरदार कारतलबखान याला ज्या अडचणीच्या वाटेंत कोंडलें व शरण आणलें, ती ही जागा. दर वर्षीं २ फेब्रुवारीस येथें विजयदिन होतो. त्या निमित्तानें जमणाऱ्या तरुण मंडळींचा उत्साह पाहिला म्हणजे लोकांस इतिहासाविषयीं आस्था उरली नाहीं, या नेहमींच्या तक्रारीवर विश्वास बसत नाहीं.

प्रस्तुत लेखकानें हें स्थळ दोन वेळां पाहिलें. एकदां भर श्रावणांत आणि दुसऱ्यांदा माघांत. या दोन भेटींत जें दिसलें व ऐकलें, आणि परतल्यावर साधनें पुन्हां वाचतांना जें ध्यानांत आलें, त्यावरून हें परीक्षण लिहिलें आहे. ग्रंथाचें परीक्षण करावें तसें स्मारकाचें करावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मतें अवश्य करावें. स्मारक हेंहि एक लेखनच आहे. त्याचा वाचकवर्ग कोणत्याहि ऐतिहासिक ग्रंथाच्या वाचकवर्गापेक्षां मोठा असतो. ग्रंथांतील चूक पुढच्या आवृत्तींत काढतां येते. दगडाभोंवतीं जमलेली चूक पिढ्यान् पिढ्या टिकते. येथें आम्ही दगडावरील अक्षरांपेक्षां त्या दगडापाशीं उभें राहून सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीचा विचार करणार आहों. कारण आलेला पाहुणा घरीं नेतो ती हकीकतच.

(२)

प्रथम स्थळाविषयीं. कर्जतहून खोपोलीस आगगाडीनें यावें, खोपोलीहून पालीच्या रस्त्यास लागावें, आणि शेमडी गांवापाशीं डावीकडे वळून डोंगराच्या रोखानें चावणीस जावें, ही आजची सोयीची वाट. या मुलुखास दळणवळणाचा इतिहास मोठा आहे. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्यें आली. बोरघाटांतून ती १८६३ मध्यें वर चढली. १९१५ मध्यें खोपोलीस घाटमाथ्याच्या पाण्यावर वीज उत्पन्न होऊं लागली. आणि या शतकाच्या आरंभीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग याच तालुक्यांतून गेला. सह्याद्रि ओलांडून जाणारे असंख्य लोक आज उंबरखिंडीपासून थोड्या मैलांवरून रोज जातात. आणि घाट ही एके काळीं किती जोखमीची वस्तु होती, याची त्यांस कल्पनाहि येत नाहीं.

ती कल्पना यावयाची तर चावणीस पायीं उभें राहिलें पाहिजे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत व तिच्यांत नागफणीचें सुळकेदार टोंक दिसतें. त्या टोंकाच्या बाजूस घाटमाथ्यावर कुरवंडें गांव आहे. कुरवंड्याहून उतरणारी पायवाट रानांतून, ओढ्यांच्या कडेनें, टेकड्यांच्या बेचक्यांतून खालीं येते आणि अंबेच्या खोऱ्यांत मोकळी होते. बोरघाट हा वाहता, सर्वांच्या परिचयाचा घाट. त्या मानानें कुरवंड्याची वाट आडमार्गाची. दोन्ही अंगांस चढ, मध्यें अरुंद उतार, आणि चढावर दाट झाडी. या तिन्ही गोष्टी आजहि डोळ्यांनीं पडताळतां येतात.

श्रावणांतील भेटींत एक लहानसा प्रसंग घडला तो सांगण्याजोगा आहे. स्मारकापाशीं पाऊस चुकवीत उभा असतां, गुरें घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांस मीं विचारलें, “बाबा, खिंड कोणती?” ते म्हणाले, “ही काय, तुम्ही उभे आहांत तीच.” मी दगडाकडे तोंड करून आणि खिंडीकडे पाठ करून उभा होतों. मागाहून विचार करितां वाटलें कीं, येथें येणाऱ्या बहुतेक मंडळींची हीच स्थिति होत असली पाहिजे. पुढें जें लिहिलें आहे त्याचा उगम या उत्तरांत आहे.

(३)

आतां साधनांविषयीं. शाएस्तेखान १६६० च्या मे महिन्यांत पुण्यास येऊन बसला. त्याच वर्षीं चाकणचा किल्ला घेण्यास त्याला सुमारें दोन महिने लागले. किल्ल्यामागून किल्ला असा वेळ घालविण्यापेक्षां सह्याद्रि उतरून उत्तर कोंकण ताब्यांत घ्यावें, या विचारानें त्यानें कारतलबखानास पाठविलें. या स्वारीचें सविस्तर वर्णन कवींद्र परमानंद याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत अखेरच्या भागांत येतें. तंजावरच्या ग्रंथसंग्रहांतील पोथीवरून स. म. दिवेकर यांनीं हें काव्य १९२७ मध्यें मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं महाराष्ट्रास उंबरखिंडीचा प्रसंग शकावलींतील एखाद्या ओळीपुरता ठाऊक असे; आज चावणीस सांगितली जाणारी सारी तपशीलवार हकीकत बहुतांशीं या एका ग्रंथाचें देणें आहे.

ही गोष्ट मान्य केली म्हणजे तिचे परिणामहि मान्य करावे लागतात. परमानंद हा महाराजांचा समकालीन व आश्रित कवि. समकालीन म्हणून त्याच्या शब्दास वजन आहे. आश्रित म्हणून तें वजन तोलून घेतलें पाहिजे. तो महाकाव्याच्या धाटणीनें लिहितो. त्याच्या काव्यांत सेनापति भाषणें करितात, नायक देवांशी असतो, अरण्य भयाण असतें आणि शत्रु गर्विष्ठ असतो. हीं सर्व काव्याचीं ठरीव अंगें आहेत, इतिहासाचीं नव्हेत. परंतु त्याच काव्यांत मोंगल फौजेबरोबरच्या सरदारांचीं नांवें, फौज लोहगडाच्या बाजूनें घाटाकडे वळल्याचा उल्लेख, आणि शेवटीं वाटाघाट कोणत्या रीतीनें झाली याची हकीकतहि येते. अशी माहिती केवळ अलंकाराकरितां कोणी घालीत नाहीं. म्हणून नियम असा ठेवावा कीं, भाषण कवीचें, नांव व वाट इतिहासाची. आणि जेथें कवीचें विधान जमिनीवर पडताळतां येतें तेथें जमिनीचा कौल शेवटचा मानावा.

गांवाच्या नांवाविषयींहि एक शब्द सांगणें जरूर आहे. कोणी ‘चावणी’ लिहितात, कोणी ‘छावणी’. आणि दुसऱ्या रूपावरून येथें लष्कराचा तळ पडला होता असा अर्थ काढितात. नांवाच्या उच्चारसाम्यावरून इतिहास रचण्याची ही रीत फार जुनी व फार निसरडी आहे. एखादा जुना महसुली कागद निघून त्यांत गांवाचें नांव कसें लिहिलें आहे हें दिसेपर्यंत या व्युत्पत्तीस स्मारकाजवळ जागा देऊं नये.

(४)

आतां दिनाचा प्रश्न. लढाईची तिथि माघ शुद्ध १४, शके १५८२ अशी धरली जाते आणि तिची इंग्रजी तारीख २ फेब्रुवारी १६६१ अशी दिली जाते. हें रूपांतर चूक नाहीं; परंतु तें जुन्या, म्हणजे ज्यूलियन, गणनेप्रमाणें आहे. इंग्लंडांत ती गणना १७५२ पर्यंत चालली, आणि आमच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहाराशीं मेळ घालण्याच्या सोयीसाठीं सतराव्या शतकाच्या तारखा तशाच देण्याचा प्रघात पाडला. आज आपण वापरतों त्या ग्रेगोरियन गणनेनें तो दिवस १२ फेब्रुवारी १६६१ हा येतो. उंबरखिंडीपासून फार दूर नसलेल्या चौलास त्या काळीं पोर्तुगीजांचें ठाणें होतें, व पोर्तुगीजांनीं नवी गणना १५८२ पासूनच स्वीकारलेली होती. तेव्हां कारतलबखानाच्या फजितीची बातमी चौलच्या एखाद्या पोर्तुगीज कारकुनानें टिपून ठेविली असती, तर त्याच दिवसापुढें त्यानें १२ हा आंकडा घातला असता आणि सुरतेच्या इंग्रजानें २ हा घातला असता.

हीच अडचण महाराजांच्या जन्मदिवसासहि आहे. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि जेधे शकावलीनें दिली. ती शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें प्रसिद्ध केली. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या गणनेची असून नव्या गणनेनें १ मार्च येते. सरकारी उत्सव १९ फेब्रुवारीस होतो, व कित्येक मंडळी तिथीस करितात. दोघांचा वाद दर वर्षीं वृत्तपत्रांत होतो. पण या दोन पक्षांच्या तंट्यांत १९ फेब्रुवारी ही तारीख मुळांत कोणत्या गणनेची आहे, हें बहुधा कोणीच सांगत नाहीं.

तारीख दुरुस्त केल्यानें पूज्य पुरुषाचा मान कमी होतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं सयाम, म्हणजे आजचें थायलंड, या देशाकडे पाहावें. तेथील अयुध्येचा राजा नरेसुअन हा त्या राष्ट्रास शिवछत्रपतींइतकाच पूज्य आहे. त्याच्या नांवांत आपला ‘नरेश्वर’ शब्द आहे, व त्याच्या राजधानीच्या नांवांत आपली अयोध्या आहे. इ. स. १५९३ मध्यें त्यानें हत्तीवरून द्वंद्वयुद्ध करून ब्रह्मदेशच्या युवराजास मारिलें अशी थाई लोकांची परंपरा आहे. सुफन बुरी प्रांतांत दोन चेदी येथें त्याचें मोठें स्मारक आहे. १९१३ मध्यें राजपुत्र दाम्रोंग याच्या पुढाकारानें तेथें एका जुन्या स्तूपाचे अवशेष शोधण्यांत आले, आणि नव्या स्तूपासह राजाच्या गजारूढ पुतळ्याचें अनावरण १९५९ मध्यें २५ जानेवारीस झालें. तोच दिवस सैन्यदिन म्हणूनहि पाळला जाई. पुढें पंचांगाचें गणित पुन्हां केल्यावर खरा दिवस १८ जानेवारी ठरला, आणि तेथील सरकारनें सैन्यदिन मुकाट्यानें बदलला. राजाची थोरवी तिळभरहि उणी झाली नाहीं.

त्या स्मारकाची आणखीहि एक शिकवण आहे. दोन चेदी याच नांवाचें दुसरें स्थळ कांचनबुरी प्रांतांत आहे, आणि युद्धभूमि खरी कोणती याविषयीं तेथेंहि वाद आहे. युवराजाच्या मृत्यूविषयीं ब्रह्मी बखरी तर निराळेंच सांगतात. त्यांच्या मतें तो बंदुकीच्या गोळीनें पडला. म्हणजे ज्यांनीं पराभव सोसला त्यांची नोंद वेगळी आणि विजयी पक्षाची वेगळी. स्मारकाच्या दगडास दोन्ही बाजू सांगतां येत नाहींत; परंतु स्मारकापाशीं बोलणाऱ्या माणसास सांगतां येतात.

या दृष्टीनें पाहतां सयामी स्मारकापेक्षां उंबरखिंडीचें स्मारक एका बाबतींत भाग्यवान आहे. येथें स्थळाविषयीं तसा दुसरा दावेदार नाहीं. वाट, डोंगर, नदी हीं जागच्या जागीं आहेत. मग दिवसाविषयीं अनास्था कां असावी? तिथीनें उत्सव करावा, किंवा तारखेनेंच करावयाचा तर ‘२ फेब्रुवारी, जुनी गणना’ असें स्पष्ट लिहावें. दोहोंपैकीं कांहींहि चालेल. न लिहिणें चालणार नाहीं.

(५)

सर्वांत अधिक घोटाळा आंकड्यांचा आहे. स्मारकापाशीं, व्याख्यानांत, वृत्तपत्रांत कोणी मोंगल फौज वीस हजार सांगतो, कोणी तीस हजार. आणि मराठे हजार. आंकडा वाढला कीं टाळी वाढते. या आंकड्यांस समकालीन मोंगली हजेरीपत्रकाचा आधार कोणी दाखवीत नाहीं. तथापि वादाकरितां वीस हजारांचा आंकडा खरा धरूं, आणि तो जमिनीवर मांडून पाहूं.

वीस हजार माणसें दोन-दोनांच्या ओळीनें चालविलीं, आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत सहा फूट अंतर धरलें, तर रांगेची लांबी साठ हजार फूट, म्हणजे अकरा मैलांहून अधिक होते. वाट एकेरी असेल तर ती दुप्पट, म्हणजे बावीस मैलांहून अधिक होते. यांत घोडे, बैल, तंबू, दारूगोळा, बुणगे यांपैकीं कशाचाच हिशेब नाहीं. कुरवंड्याच्या कड्यापासून चावणीपर्यंतची उतरण कांहीं थोड्या मैलांची आहे. म्हणजे फौजेचें तोंड खिंडीस लागलें तेव्हां तिचें शेंपूट घाटमाथ्यावर बरेंच मागें असलें पाहिजे. वीस हजार लोक एका वेळीं उंबरखिंडींत होते असें म्हणणें हें गणिताशीं जुळत नाहीं.

यावरून कोणी विजय लहान ठरवूं नये. उलट, त्याचें खरें मर्म येथेंच आहे. अरुंद वाटेंत शिरलेल्या फौजेची एकूण संख्या व्यर्थ होते. कोणत्याहि क्षणीं लढूं शकतात ते फक्त तोंडाशीं असलेले लोक, आणि मागचे लोक पुढच्यांस मदत करण्याऐवजीं त्यांची माघार अडवितात. महाराजांनीं हजार लोकांनीं वीस हजारांचा पाडाव केला, यापेक्षां वीस हजारांपैकीं थोडेच लोक एका वेळीं लढूं शकतील अशी जागा व अशी वेळ निवडली, हें विधान अधिक खरें व अधिक गौरवाचें आहे. पहिल्या विधानांत पराक्रम आहे. दुसऱ्यांत पराक्रमाबरोबर बातमी, धीर आणि मुलुखाचें ज्ञान आहे. शत्रु कोणत्या घाटानें उतरणार हें आधीं कळलें पाहिजे. कळल्यावर तो उतरूं लागेपर्यंत हालचाल न करितां थांबलें पाहिजे. आणि खिंडीच्या दोन्ही अंगांस दडण्याजोग्या जागा कोणत्या हें ठाऊक असलें पाहिजे. या तिन्ही गोष्टी संख्येच्या टाळींत बुडून जातात.

(६)

उंबरखिंडीच्या हकिकतींत मोंगली सैन्य वारा व पाणी यांवांचून कासावीस झालें असें वर्णन येतें. श्रावणांत चावणीस आलेल्या मनुष्यास हें वर्णन निव्वळ कविकल्पना वाटेल. त्या दिवसांत चोहोंकडे ओढे गर्जत असतात, अंबा नदी दुथडी भरून वाहते, आणि माणसास कोरडी जागा शोधावी लागते. शिवाय उंबर हें झाड पाण्याच्या आश्रयानें वाढतें असा लोकांचा अनुभव आहे, व वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेंत भूमिगत पाण्याच्या खुणांमध्यें त्याची गणना केली आहे. उंबराच्या नांवाच्या खिंडींत तहानेनें जीव जावा, हें परस्परविरुद्ध दिसतें.

दुसरी भेट माघांत घेतली ती यासाठींच. त्या वेळीं चित्र पालटलेलें होतें. चढावरचे ओढे आटलेले, दगड उघडे पडलेले, आणि नदीच्या पात्रांत ठिकठिकाणीं थोडें पाणी राहिलेलें. शेजारची पाताळगंगा आज बारमाही वाहते ती घाटमाथ्याचें पाणी खोपोलीच्या वीजघरांतून खालीं सोडलें जातें म्हणून. अंबेस तो आधार नाहीं, आणि १६६१ मध्यें तो कोणत्याच नदीस नव्हता. वारा तर खोऱ्यांत दुपारीं जवळजवळ नव्हताच. दोन्ही बाजूंच्या टेकड्या व झाडी त्याला अडवितात.

पाणी खिंडीच्या मुखाशीं, नदींत. तहानलेले लोक मागें, चढावर, एकामागें एक अडकलेले. आणि मुखाशीं मराठे. असें मांडिलें म्हणजे वर्णनांतील विरोध नाहींसा होतो. सबंध मुलुखांत पाणी नव्हतें असें नाहीं. जेथें होतें तेथें पोंचतां येत नव्हतें. रांगेच्या लांबीचा जो हिशेब वर दिला त्यास या निरीक्षणानें पुष्टि मिळते. विजयदिन तिथीनें, म्हणजे माघांत, पाळण्याचा हा आणखी एक लाभ आहे. येणारास खिंड जवळजवळ त्या दिवशींच्या रूपांत पाहावयास मिळते.

(७)

आतां विजयाच्या स्वरूपाविषयीं व फळाविषयीं. कारतलबखानाबरोबर रायबागन ही माहूरच्या उदाराम घराण्यांतील सरदारीण होती. परमानंदानें तिला संस्कृतांत ‘राजव्याघ्री’ म्हटलें आहे. या अरण्यांत शिरणें हीच चूक झाली, आतां शरण जाऊन फौजेचे प्राण वांचवावे, असा सल्ला तिनें खानास दिल्याचें काव्यांत सांगितलें आहे. तिचें भाषण अर्थातच कवीचें आहे. पण खानानें वकील पाठविला, महाराजांनीं अभय दिलें, आणि सामानसुमान व द्रव्य ठेवून घेऊन फौजेस जाऊं दिलें, हा हकिकतीचा गाभा आहे.

स्मारकापाशीं हा गाभा आंखडतो व मारामारीचें वर्णन लांबतें. हें उलट व्हावयास पाहिजे. कोंडलेल्या फौजेची कत्तल करणें शक्य असतां तिला वाट देणें यांत दया आहेच. त्याबरोबर व्यवहारहि आहे. जिवावर उदार झालेली माणसें अधिक माणसें मारून मरतात. महाराजांजवळ माणसें थोडीं होतीं, आणि पुढें कामें पुष्कळ होतीं. शिवाय रायबागनीसारखी बाई, जाधव, कोकाटे यांसारखीं मराठी आडनांवें, यांचा मोंगल फौजेंत समावेश होता, हें सांगितल्यावांचून त्या काळचें राजकारण कळत नाहीं. एका बाजूस सर्व मराठे आणि दुसऱ्या बाजूस सर्व परके, अशी सोपी वांटणी उंबरखिंडींत नव्हती. महाराजांचें कार्य किती अवघड होतें हें समजावयाचें तर ही गोष्ट लपवून चालणार नाहीं.

फळाविषयीं असें सांगितलें जातें कीं, उंबरखिंडीनें कोंकण वांचलें. हें विधान पुढच्या तीन महिन्यांच्या इतिहासास टिकत नाहीं. १६६१ च्या मे महिन्यांत मोंगलांनीं कल्याण घेतलें, आणि तें पुढें कित्येक वर्षें त्यांच्याकडे राहिलें. उत्तर कोंकणांत उतरण्याचा शाएस्तेखानाचा बेत एका खिंडींत फसला, तरी तो सोडून दिला गेला नाहीं. मग उंबरखिंडींत मिळालें काय? आमच्या मतें मिळाला तो वेळ. लढाईनंतर महाराजांनीं मोंगलांकडे लक्ष ठेवण्याचें काम नेताजी पालकरावर सोंपविलें आणि स्वतः दक्षिण कोंकणांत उतरले. दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर हा टापू हाताखालीं घेऊन मार्च महिन्यांत ते राजापुरावर गेले. पन्हाळ्याच्या वेढ्यांत आदिलशाही फौजेस तोफांची मदत करणाऱ्या इंग्रजांची तेथील वखार लुटली गेली व वखारवाले कैद झाले. त्यानंतर शृंगारपूर घेतलें. कारतलबखान सुखरूप पेण-पनवेलच्या मैदानांत उतरला असता, तर या सर्व हालचालींच्या वेळीं महाराजांच्या पाठीशीं एक ताजी मोंगल फौज असती. उंबरखिंडीनें ती नाहींशी केली. मुलूख राखला असें न म्हणतां सवड मिळविली असें म्हणावें. पुढचें दोन महिन्यांचें वेगवान राजकारण त्या सवडीचें फळ आहे.

आणि ही गोष्ट सांगितल्यानें कल्याण गेल्याची नोंद स्मारकाच्या पाहुण्यापासून लपवावी लागत नाहीं. ज्या इतिहासांत पराभव सांगतां येतो त्याच इतिहासांतील विजयांवर लोकांचा विश्वास बसतो.

(८)

सारांश, चावणीचें स्मारक ज्यांनीं उभारलें त्यांचे उपकार मोठे आहेत. स्मारक नसतें तर ही खिंड गुराख्यांखेरीज फारच थोड्यांस ठाऊक राहिली असती. त्यांनीं जागा बरोबर निवडली, आणि लोकांस पायीं तेथवर आणिलें. आतां त्या कामाची दुसरी पायरी बाकी आहे. तिथि व दोन्ही गणनांच्या तारखा एकत्र द्याव्या; फौजेचा आंकडा द्यावयाचा तर तो कोणाचा हें सांगून द्यावा; अभय आणि कल्याण या दोन्ही गोष्टी हकिकतींत घालाव्या; आणि कुरवंड्यापासून नदीपर्यंतची वाट दाखविणारा नकाशा दगडांत खोदून अशा रीतीनें बसवावा कीं, तो वाचणाराचें तोंड आपोआप खिंडीकडे व्हावें.

याहून तांतडीचें काम संशोधकांचें आहे. उंबरखिंडीच्या बाबतींत मुख्य अस्सल कागद म्हणजे ती जमीन. वर ज्या तीन गोष्टींचा निर्णय केला, संख्येचा, तहानेचा व वाटेचा, तो त्या जमिनीच्या साक्षीनें केला. दप्तरांतील कागदास कसर लागते म्हणून आपण चिंता करितों. या कागदास लागणारी कसर निराळी आहे. खोपोली-खालापूरच्या परिसरांत कारखाने, रस्ते, शेतघरें व प्लॉट यांची वाढ झपाट्यानें होत आहे. एक सपाटीकरण, एक रुंद रस्ता, टेकडीचा एक कापलेला कांठ, आणि त्या अरुंदपणाचा पुरावा कायमचा जातो. मग वीस हजारांची रांग कोठें अडली हें कोणासहि मोजतां येणार नाहीं, व स्मारक जागेवर असून साक्षीदार गेलेला असेल.

म्हणून घाटमाथ्यापासून नदीपर्यंत वाटेची पायीं मोजणी करावी. ठिकठिकाणची रुंदी, चढ, पाण्याच्या जागा आणि झाडी यांची माघांत नोंद घ्यावी. वाटेवरील टेकड्या, ओढे, टेपें यांचीं स्थानिक नांवें, तीं ज्यांच्या तोंडीं आहेत अशीं माणसें आहेत तोंवर उतरून घ्यावीं. आणि ही टिपणें नकाशासह प्रसिद्ध करावीं. दोन-चार मंडळींचें, दोन माघ महिन्यांचें हें काम आहे. कर्जत व खालापूर या तालुक्यांतील शिक्षक आणि विद्यार्थी यांनीं मनावर घेतल्यास त्यास द्रव्याचीहि फारशी जरूर पडणार नाहीं. तें काम हातीं घेणाऱ्यांनीं प्रथम स्मारकाकडे पाठ करून उभें राहावें, एवढीच सूचना करून हें परीक्षण पुरें करितों.